आधी पाणी, मग माती, जनावरं शेवटी: स्वयंपूर्ण जगण्याच्या पहिल्या वर्षाची तयारी

जमीन शोधायला निघण्याच्या आधी एक जाड वही आणा आणि महिनाभर घरात काय येतं, काय संपतं, काय टाकून दिलं जातं ते वजनासकट लिहा. धान्य किती किलो, भाजी किती, अंडी किती, पाण्याच्या बादल्या किती, चुलीला किंवा शेगडीला इंधन किती. काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक जण ते टाळतात आणि मग घरात आठवड्याला अर्धा किलो टोमॅटो लागत असताना तीस रोपं लावून बसतात. आम्हीही पहिल्या वर्षी वही न ठेवता अंदाजाने पेरलं. काकडी सडली आणि कांदा दोन महिन्यांत संपला.

वही भरली की एक हिशेब मांडून बघा. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २००० ते २४०० किलोकॅलरी लागतात, अंगमेहनत सुरू झाली की त्याहूनही जास्त. १०० ग्रॅम बटाट्यातून सुमारे ७७ मिळतात. १०० चौरस मीटर जागेत दर चौरस मीटरला २ किलो असं चांगलं पीक आलं, तरी २०० किलो बटाटे होतात आणि ते एका माणसाला जेमतेम सत्तर दिवस पुरतात. पालेभाजीने तर ताट हिरवं होतं, पोट भरत नाही. हा हिशेब घाबरवण्यासाठी नाही. पहिल्या वर्षी धान्य, तेल आणि मीठ विकतच आणायचं, भाजी, कंद आणि थोडी फळं आपली पिकवायची, हे त्यातून आधीच ठरतं. त्याचबरोबर वर्ष-दीड वर्ष उत्पन्न न येता घर चालेल एवढी पुंजी बाजूला आहे का, तेही याच वहीत लिहा. नसेल तर बाहेरचं काम सोडू नका. निम्मा वेळ नोकरी आणि निम्मा वेळ माती अशीच सुरुवात पुष्कळांची टिकते.

जागा बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी पाणी बघा, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात. पावसाळ्यात कुठलीही जमीन देखणी दिसते. विहीर किंवा झरा असेल तर त्या महिन्यात त्यात पाणी किती उरतं ते शेजाऱ्यांना विचारा, एकाला नाही, तिघांना. पाण्यावर कायद्याने हक्क कुणाचा, त्या जागेत घर बांधता येतं का, जनावरं पाळता येतात का, हे सौदा ठरण्याआधी कागदोपत्री तपासून घ्या.

छपराचं पाणी साठवणार असाल तर गणित सोपं आहे: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे छपराखालच्या जमिनीच्या दर चौरस मीटरला १ लिटर. ५० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० लिटर. गळती, बाष्पीभवन आणि पहिलं घाण पाणी वजा केलं की हाती ४०० धरा. आता खर्च मांडा. चार माणसं काटकसरीने रोज माणशी ४० लिटर वापरतील तर १६० लिटर झाले. ५० चौरस मीटरच्या भाजीच्या बागेला कडक उन्हात, दर चौरस मीटरला ४ लिटर धरले तरी, २०० लिटर लागतात. बाग घरापेक्षा जास्त पाणी पिते, आणि ही गोष्ट नव्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. तुमच्याकडे पावसाशिवायचे सलग दिवस किती, त्याने या आकड्यांना गुणा, म्हणजे टाकी केवढी हवी ते कळेल. उत्तर झेपत नसेल तर टाकीवर कर्ज काढण्यापेक्षा बाग लहान करा.

टाकी बसवण्याआधी अजून एक करून बघा. दहा लिटरच्या दोन झाऱ्या भरून टाकीच्या जागेपासून वाफ्यापर्यंत दहा फेऱ्या मारा. २०० लिटर म्हणजे २०० किलो. पाचव्या फेरीला खांदे बोलायला लागतात आणि टाकी बागेच्या वरच्या अंगाला का हवी, हे कुणी सांगावं लागत नाही. टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर नळाला साधारण १ बार दाब मिळतो. दोन मीटर उंचीवर त्याचा पाचवा हिस्सा, पण झारी भरायला आणि ठिबकच्या साध्या नळीला तेवढाही चालून जातो. पन्हाळीला जाळी, टाकीला घट्ट झाकण आणि आत उजेड जाणार नाही असा रंग, एवढं केलं की डास आणि शेवाळ दोन्ही आटोक्यात राहतात. छप्पर ॲस्बेस्टॉसचं असेल किंवा त्याला शिशाचा जुना रंग असेल तर ते पाणी पिऊ नका.

पिण्याचं पाणी खळखळून उकळल्यावर १ मिनिट तसंच उकळू द्या, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. उकळून जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक मात्र जात नाहीत, म्हणून विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्याच. संडासाचा खड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला.

पाण्याचं जमलं की माती. वाफ्याच्या जागेवरची चार ठिकाणची माती वीतभर खोलीवरून घ्या, खडे-मुळं काढा आणि सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरा. वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून झाकण लावा, दोन-तीन मिनिटं जोराने हलवा आणि बरणी अशा ठिकाणी ठेवा जिथे तिला कुणी धक्का लावणार नाही. मिनिटाभरात तळाशी वाळू बसते. तिथे बरणीवर पेनने रेघ मारा. दोन तासांनी तिच्यावर पोयट्याचा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा, थर दिसतो, दुसरी रेघ. चिकणमाती मात्र एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते आणि मग सावकाश उतरते. तिन्ही थर मोजले की हातातली माती कशी आहे ते लगेच कळतं. मग ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. २ ते ५ सेंटिमीटर उतरलं तर निचरा चांगला. एक सेंटिमीटरही उतरलं नाही तर उंच वाफे करावे लागतील.

वाफसा, म्हणजे माती खणायला योग्य अशी ओल, ओळखायला शिका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आला, लगद्यासारखा दबला तर कुदळ परत ठेवा. ओल्या चिकणमातीत खणलं किंवा नुसतं चाललं तरी ती अशी दडपते की पुढचा हंगामभर मुळं गुदमरतात. वाफे १.२ मीटरपेक्षा रुंद करू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. पहिल्या वर्षी एकूण २० चौरस मीटर पुरेत, वरच्या हिशेबातले ५० पुढे. जास्त खणलंत तर तण तुमच्या आधी जागा धरेल. फळभाज्यांना रोज सहा ते आठ तास ऊन लागतं, तेव्हा वाफे आखण्याआधी दिवसभर दर दोन तासांनी सावली कुठे पडते ते खुंट्या मारून बघा. फळझाडं मात्र पहिल्याच वर्षी लावून टाका. त्यांना फळाला यायला तीन-पाच वर्षं किंवा जास्त लागतात, आणि हा वेळ कुठल्याही खताने भरून निघत नाही.

खताचा ढीग वाफ्यांच्या आधी सुरू करा. लांबी, रुंदी, उंची एकेक मीटर असावी, त्याहून लहान ढीग तापत नाही. आकारमानाने दोन-तीन भाग वाळकी पानं आणि एक भाग ओला हिरवा कचरा. ओल एवढीच, की मूठभर घेऊन पिळल्यावर एक-दोन थेंब यावेत. नीट जमला तर ढिगाचं पोट ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापतं आणि तणाचं बरंचसं बी मरतं. अमोनियाचा वास आला तर वाळकी पानं वाढवा.

शेणखत किंवा गवत विकत आणत असाल तर ही खबरदारी घ्याच. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कुजण्यातूनही टिकून राहतात आणि पुढे टोमॅटो, शेंगभाज्या वाकड्या करून टाकतात. ते खत कुंडीत मातीत मिसळून शेंगभाजीचे पाच-सहा दाणे पेरा, शेजारच्या कुंडीत नुसती माती. तीन आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं चमच्यासारखी वळली, शेंडे आखडले, तर ते खत बागेत नको.

बियाणं सरळ वाणाचं घ्या. संकरित वाणाचं बी धरून पुन्हा पेरलं तर रोपं आईबापासारखी निघत नाहीत. बी धरायची सुरुवात टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांच्यापासून करा, कारण त्यांचं परागीभवन बहुतेक आपल्या आपणच होतं. भोपळावर्गात मधमाश्या सरमिसळ करतात, ते पुढच्या वर्षांसाठी ठेवा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत उगवण गमावतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं. पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून किती मोड येतात ते बघा.

अवजारं थोडी आणि चांगली. कुदळ, फावडं, खुरपं, विळा, घमेलं, झारी, आणि या सगळ्यांना धार लावायला एक कानस. कानस एकाच दिशेने, पात्यापासून बाहेर ढकलायची, मागे घासत आणायची नाही. बोथट खुरप्याने दुपारभर जे तण निघतं ते धारेच्या खुरप्याने तासाभरात निघतं आणि मनगट शाबूत राहतं. लाकडी दांड्यांना जवसाचं तेल चोळा, पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळू द्या. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवा. दहा वर्षं उलटली असतील तर कुदळ हातात घ्यायच्या आधी घ्या.

पीक यायच्या आधी साठवण शिका, म्हणजे विकतच्या भाजीवर हात बसतो. वाळवणात पानं हातात चुरतील इतकी कोरडी हवीत. धान्यात ओल १२-१३ टक्क्यांच्या वर असली की बुरशी आणि कीड लागते. आंबवण्यासाठी भाजीच्या वजनाच्या २ ते ३ टक्के मीठ तराजूवर मोजून घ्या आणि भाजी कायम खाऱ्या पाण्याखाली बुडलेली ठेवा. हवाबंद बरण्या भरणार असाल तर इथे मात्र एक पाऊलही अंदाजाने टाकू नका. आंबटपणा कमी असलेल्या भाज्या, कडधान्यं, मांस, म्हणजे ज्यांचा पीएच ४.६ च्या वर आहे ते सगळं, नुसत्या उकळत्या पाण्यात बरण्या ठेवून सुरक्षित होत नाही. बॉट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू १०० अंशाला मरत नाहीत, बंद बरणीत हवा नसल्याने वाढतात आणि जे विष करतात त्याला वास असेलच असं नाही. हे बीजाणू मारायला दाबाखालची ११६ अंशांच्या वरची उष्णता आणि तपासून ठरवलेली वेळच लागते. त्यासाठीचं भांडं नसेल तर वाळवा, आंबवा.

विजेचं थोडक्यात. प्रत्येक उपकरणाचे वॉट गुणिले तास लिहा. उष्णता तयार करणारी उपकरणं सगळ्यात जास्त खातात, ती आधी बाजूला काढा. १०० वॉटचं सौर पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण ४०० वॉट-तास देतं. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत राहिलात तर लवकर मरते.

जनावरं शेवटी. एखादं वर्ष बाग आणि पाणी सांभाळून झाल्यावर कोंबड्या आणा, चार-पाचच. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य खाते, त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, सुमारे वीस आठवड्यांची झाल्यावर अंडी द्यायला लागते, आणि पिसं गाळताना किंवा खुडूक बसली की थांबते. खुराडं त्या यायच्या आधी पूर्ण तयार हवं. आमचं नव्हतं. एका कोपऱ्याची जाळी सुतळीने तात्पुरती बांधली होती, उद्या खिळे ठोकू म्हणून. सकाळी सुतळी कुरतडलेली होती, मातीवर पिसं पडली होती, आणि तीन कोंबड्या गेल्या होत्या. राहिलेली एक मचाणावर भिंतीला चिकटून बसली होती, दोन दिवस खाली उतरली नाही. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. १२ मिलिमीटर चौकोनाची, वेल्ड केलेल्या तारांची जाळी घ्या, तिची ३० सेंटिमीटरची पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पुरा आणि दाराला दोन कड्या लावा. शेळी आणायची तर एकटी नको, कळपाचं जनावर आहे, एकटी झुरते. शिवाय व्याल्याशिवाय दूध नाही आणि गाभणपण साधारण १५० दिवसांचं, म्हणजे चाऱ्याची तरतूद त्याआधीची. दूध उकळूनच प्या.

पहिलं जनावर घरात येण्याच्या आठवडाभर आधी अजून एक माणूस तयार करा, जो तुम्ही तापाने पडलात किंवा अचानक परगावी जावं लागलं तर चार दिवस सगळं बघेल. त्याला दोन सकाळी बोलावून घ्या आणि सगळं त्याच्या हातून करून घ्या, तुम्ही नुसते उभे राहा. मग एका कागदावर लिहा: टाकीचा मुख्य नळ कुठे, कुठल्या वाफ्याला किती झाऱ्या, खाद्याचं माप कुठलं, दोन्ही कड्या संध्याकाळी किती वाजता लावायच्या, जनावरांच्या डॉक्टरचा नंबर काय. तो कागद पावसाने भिजणार नाही असा खुराड्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.