शेवटच्या रांगेतून दिसतील अशा स्लाईड्स

माझ्या पहिल्या कॉन्फरन्सला मी १२ मिनिटांच्या टॉकसाठी ३४ स्लाईड्स नेल्या होत्या. विषय होता कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, ठेवलेल्या कांद्याची नासाडी. नवव्या स्लाईडवर एक्सेलमधून उचलून जसाच्या तसा चिकटवलेला तक्ता, १४ कॉलम, आणि वर मीच म्हणालो की मागे बहुतेक दिसत नसेल, पण... तर मागून एक सर म्हणाले, "मग लावलाय कशाला?" हॉल हसला, मीपण हसलो, आतून घाम फुटलेला. बेल वाजली तेव्हा मी एकविसाव्या स्लाईडवर होतो आणि निष्कर्ष होते बत्तिसाव्यावर. म्हणजे ज्यासाठी एवढा प्रवास करून गेलो ते सांगायचंच राहिलं.

तेव्हापासून पहिली गोष्ट ही करतो की लॅपटॉप उघडतच नाही. वहीत एकच वाक्य लिहायचं, टॉक ऐकून चहाला गेलेला माणूस दुसऱ्याला काय सांगेल ते. माझ्या बाबतीत ते वाक्य होतं "चाळीत खालूनही हवा खेळती ठेवली तर कांदा कमी सडतो." मग या वाक्यापर्यंत पोचायला काय काय दाखवावं लागेल ते चौकोन पाडून पेन्सिलीने काढायचं. १२ मिनिटांत दहाएक चौकोन पुरतात. उरलेलं सगळं पेपरमध्ये असतंच की, ज्याला हवं तो वाचेल.

आता हेडिंग. आपल्याकडे प्रत्येक स्लाईडवर "प्रस्तावना", "साहित्य व पद्धती", "निरीक्षणे" असली हेडिंगं टाकायची सवय आहे, थीसिसमधून आलेली, आणि त्यातून ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही. हेडिंगच्या जागी अख्खं वाक्य टाका, त्या स्लाईडचा दावा. "निरीक्षणे" खोडा आणि लिहा "तळाला फटी नसलेल्या चाळीत सड लवकर सुरू होते", आणि खाली तेवढ्याचाच पुरावा, एक ग्राफ किंवा एक फोटो. वाक्य सुचत नसेल तर त्या स्लाईडचं काम काय तेच ठरलेलं नाही असं समजा आणि ती काढून टाका.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही बरं का. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया यान अंतराळात असताना, म्हणजे ज्यात आपली कल्पना चावला होती ते, उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता त्याचं विश्लेषण नासाच्या मॅनेजरांना स्लाईड्सवर दाखवलं गेलं. एका स्लाईडचं हेडिंग असं की वाचून वाटावं काळजीचं कारण नाही. आणि तळाला, बुलेटच्या आत बुलेटच्या आत बुलेट, तिथे होतं की चाचण्या ३ घन इंचाच्या तुकड्यावर झाल्यात आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा आहे. सहाशेपटीहून मोठा! १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. अपघाताची कारणं बरीच होती, पण चौकशी मंडळाने रिपोर्टात या स्लाईडचा मुद्दाम उल्लेख केला. तर मुख्य आकडा खालच्या बुलेटमध्ये पुरू नका, वर घ्या.

अक्षर केवढं हवं याला माझी एक घरगुती टेस्ट आहे. समजा हॉलचा पडदा ८ फूट रुंद आणि शेवटची रांग ५० फुटांवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या सव्वासहा पट लांब. माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन साडेतेरा इंच रुंद आहे, त्याच्या सव्वासहा पट म्हणजे सात फूट. स्लाईड फुल स्क्रीन करायची, सात फूट मागे जाऊन उभं राहायचं आणि वाचायचं, चष्मा असेल तर चष्म्यासकट. ग्राफच्या अक्षावरचे आकडे वाचता आले नाहीत तर मोठे करा. मी मजकूर २८ पॉइंटच्या खाली नेत नाही. देवनागरीत वर वेलांट्या खाली उकार, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटतात, लाईन स्पेसिंग १.२ तरी ठेवा. आणि तिरपं अक्षर नकोच, सॉफ्टवेअर बिचारं अक्षर नुसतं ढकलून वाकडं करतं.

फॉन्ट युनिकोडच वापरा, मंगल, निर्मला, मुक्ता, नोटो कुठलाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की "कांदा" च्या जागी काहीतरी भुताची भाषा उमटते, हे मी भरल्या हॉलसमोर अनुभवलंय. म्हणून पेनड्राईव्हवर मूळ फाईल आणि शेजारी पीडीएफ, दोन्ही. पीडीएफमध्ये ॲनिमेशन चालत नाही, पण ॲनिमेशन नसलं तर तुमचं काय अडतंय सांगा.

रंगांचं थोडक्यात: सेमिनार हॉलच्या खिडक्यांना पडदे असतीलच याची खात्री नाही, दुपारचं ऊन आत येतं आणि प्रोजेक्टर म्हातारा असतो, त्यामुळे पांढऱ्यावर काळं हेच भरवशाचं, पिवळी अक्षरं तर गायबच होतात. ग्राफमध्ये दोन रेषा नुसत्या लाल-हिरव्या करू नका, काहींना तो फरक दिसत नाही. रेषेच्या टोकालाच तिचं नाव लिहा, कोपऱ्यातल्या डबीत रंग शोधायला लावू नका. संस्थेचा लोगो पहिल्या स्लाईडवर एकदा पुरे (आमच्या एचओडींना हे अजून पटलेलं नाही).

आयोजकांना आधीच विचारा की पडदा १६:९ आहे का ४:३, केबल एचडीएमआय का जुनी व्हीजीए. तुमच्या सेशनच्या आधीच्या चहाच्या सुट्टीत, भजी नंतर मिळतील, जाऊन फाईल उघडून सगळ्या स्लाईड्स एकदा पुढे ढकलून बघा. आणि घरी एकदा तरी मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून बोला, मनातल्या मनात केलेला सराव नेहमी दोन मिनिटं लवकर संपतो. बोलताना लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटलं तर पॉवरपॉइंटमध्ये शोदरम्यान कीबोर्डवरचं बी (B) दाबा, पडदा काळा होतो, परत दाबला की स्लाईड येते.

राहिली गुलाबाच्या फोटोवरची "धन्यवाद" स्लाईड. प्रश्नोत्तरांची पाच मिनिटं पडद्यावर तो गुलाबच बसून राहतो. त्याऐवजी तुमचा मुख्य ग्राफ आणि ते वहीतलं वाक्य ठेवा, धन्यवाद तोंडाने म्हणा. आणि तो १४ कॉलमचा तक्ता फेकू नका, शेवटच्या स्लाईडनंतर ठेवून द्या आणि त्याचा नंबर तळहातावर लिहून ठेवा. कुणी नेमकं विचारलंच तर नंबर टाईप करून एंटर दाबायचं, तक्ता थेट समोर. गेल्या खेपेला एका मॅडमनी आर्द्रतेचे आकडे विचारले, मी १३ आणि एंटर दाबलं, आणि त्या उठून पडद्याजवळ येऊन वाचत उभ्या राहिल्या.