दुर्मीळ जर्मन आडनावाचं मूळ, अर्थ आणि प्रसार कसा शोधावा

जर्मन आडनावाचा अर्थ शोधायचा तर शब्दकोश सगळ्यात शेवटी उघडा. आजच्या जर्मन भाषेचा कोश फार विश्वासाने चुकीचं उत्तर देतो. 'लेन्त्स' म्हणजे वसंत, असं कोश सांगेल. आडनाव म्हणून ते बहुतेक वेळा 'लोरेन्त्स' या नावाचं आखूड रूप असतं. 'कून' या आडनावात गाय दिसते, पण तो निघतो 'कोनराड'. 'जाइफर्ट'चा साबणाशी काही संबंध नाही, तिथे 'जीगफ्रीड' आहे. नाव कोणत्या भागात रुजलं हे आधी ठरवावं लागतं. तिथली बोली कळली की अर्थ बहुधा आपोआप उलगडतो.

आधी स्पेलिंगं गोळा करा

जर्मनीत आडनावाचं स्पेलिंग स्थिर झालं ते सरकारी नोंदणी सुरू झाल्यावर. प्रशियात ती 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून. त्याआधी पाद्री जसं ऐकेल तसं लिही. मायर हे एकच आडनाव चार-पाच प्रकारे लिहिलेलं सापडतं ते त्यामुळेच. म्हणून कागदावर पहिली यादी काढा ती शक्य त्या सगळ्या रूपांची. दोन टिंबांच्या स्वरांऐवजी 'ई' जोडलेलं रूप, दुहेरी 'एस', 'टी'ऐवजी 'डीटी', 'के'ऐवजी 'सीके', 'एफ'ऐवजी 'व्ही' ही सगळी रूपं धरा. शोधयंत्रात सारख्या उच्चाराची नावं एकत्र शोधणाऱ्या 'कोल्नर फोनेटिक'चा पर्याय असेल तर तो लावा. 1969 मध्ये मांडलेली ही पद्धत जर्मन उच्चारांसाठीच बनवलेली आहे. इंग्रजी नावांसाठी घडवलेल्या साउंडेक्सपेक्षा ती इथे जास्त उपयोगी पडते.

जुनी हस्ताक्षरं 'कुरेन्ट' लिपीत असतात. त्यात 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात, 'यू'वर एक आकडी असते, आणि लांब 'एस' हा 'एफ' किंवा 'एच' वाटतो. दुर्मीळ आडनाव नक्कल करणाऱ्याच्या ओळखीचं नसतं, त्यामुळे ते सूचीत चुकीचं उतरण्याची शक्यता जास्त. सूचीत सापडलं नाही तर मूळ पानाची प्रतिमा पाहा.

आणखी एक हमखास सापळा म्हणजे स्त्रियांची नावं. अठराव्या शतकापर्यंत, विशेषतः दक्षिणेत, स्त्रीच्या आडनावाला 'इन' जोडत. म्युलरची मुलगी किंवा बायको 'म्युलरिन' म्हणून नोंदली जाई. हा 'इन' काढूनच मूळ आडनाव धरायचं.

सर्वात जुन्या नोंदीपर्यंत मागे जा

सरकारी नोंदी सगळ्या लगेच खुल्या नसतात. जन्माची नोंद 110 वर्षांनी, विवाहाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षांनी अभिलेखागारात जाते. त्याआधीची हवी असेल तर थेट नातं सिद्ध करणारे कागद लागतात. 1876 च्या मागे बहुधा चर्चची पुस्तकं, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या, पाहाव्या लागतात. प्रोटेस्टंट पुस्तकांसाठी 'आर्खिओन' हे सशुल्क संकेतस्थळ आहे, तर 'मात्रिकुला'वर अनेक कॅथलिक पुस्तकं मोफत दिसतात. खूप गावांची पुस्तकं तीस वर्षांच्या युद्धानंतरच, म्हणजे 1648 च्या सुमारास सुरू होतात. त्यापलीकडे कर आणि जमिनीच्या याद्या शोधाव्या लागतात.

दोन भागांत ही साखळी अचानक तुटते. वायव्येकडच्या वेस्टफालियात नाव माणसापेक्षा शेतवाडीला चिकटलेलं असे. वाडीवर लग्न करून आलेला जावई वाडीचंच नाव घेई, आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी होत. नोंदीत 'गेनान्ट' किंवा 'वुल्गो' (म्हणजे 'उर्फ') हा शब्द दिसला की दोन्ही नावं लिहून घ्या आणि दोन्ही शोधा. पूर्व फ्रिसलंडमध्ये नेपोलियनच्या काळातल्या 1811 च्या फर्मानापर्यंत वडिलांच्या नावावरून दर पिढीला नवं आडनाव पडे. तिथे त्यामागे आडनाव धरून जाण्यात अर्थ नाही, बाप-लेकांच्या जोड्याच जुळवाव्या लागतात.

नकाशा वाचा, पण दोन काळांचा

'डिजिटल जर्मन आडनाव कोश' आणि सात खंडांचा 'जर्मन आडनाव अ‍ॅटलास' हे दोन्ही 2005 च्या दूरध्वनी जोडण्यांवर आधारलेले आहेत. नकाशात संख्येपेक्षा दर दहा लाखांमागचं प्रमाण पाहा, कारण बर्लिन आणि हाम्बुर्ग केवळ लोकसंख्येमुळे प्रत्येक नकाशावर ठळक दिसतात. दुर्मीळ नावाला उलटा धोका असतो. छोट्या जिल्ह्यातलं एकच मोठं कुटुंब तो जिल्हा लालभडक करून टाकतं. त्यामुळे शेजारच्या तीन-चार जिल्ह्यांतही नाव आहे का, ते तपासा.

दुसरा नकाशा 1945 पूर्वीचा हवा. सुमारे 1 कोटी 20 लाख जर्मन पूर्वेकडचे प्रदेश सोडून आले, आणि सायलेसिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशियातली आडनावं आज पश्चिमेला विखुरलेली दिसतात. आजचा नकाशा नुसताच शिंपडल्यासारखा दिसत असेल तर पहिल्या महायुद्धातल्या हताहतांच्या याद्यांमध्ये आडनाव टाका. त्यात सैनिकाचं मूळ गाव दिलेलं असतं. गाव कुठलं हे 1912 च्या 'मायर्स' स्थलकोशावरून ठरवा, कारण एकाच नावाची गावं ढिगाने आहेत.

आता अर्थ

शेवटची अक्षरं प्रदेश सुचवतात. 'ले' म्हणजे नैर्ऋत्येकडचा श्वाबेन, 'जेन' म्हणजे डेन्मार्कच्या सीमेकडचा उत्तर भाग, 'आइट' म्हणजे पूर्व प्रशियातला लिथुआनियन वारसा. 'ओव्ह' (शेवटचा व उच्चारत नाहीत) आणि 'इत्स' बहुधा स्लाव्ह गावांच्या नावांतून आले. व्यवसायाची आडनावं तर जवळजवळ पत्ताच सांगतात. कुंभार दक्षिणेत हेफ्नर, हेसेकडे ऑयलर, उत्तरेत प्योटर. गावावरून पडलेलं आडनाव आपल्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखं वागतं: बामबेर्गमध्ये कोणाला बामबेर्गर म्हणणार? तसं नाव गाव सोडून गेलेल्याला पडतं. म्हणून उगम त्या गावात न शोधता आसपासच्या पट्ट्यात शोधा.

उदाहरण म्हणून 'क्नोखनहाउअर' घ्या. आजचा कोश घेऊन बसलं तर 'हाडं तोडणारा' असा अर्थ निघतो आणि कोणा दांडगट पूर्वजाची गोष्ट रचली जाते. उत्तर जर्मनीच्या निम्न जर्मन बोलीत मात्र हा खाटकाचा साधा, प्रतिष्ठित धंदेवाचक शब्द होता. हिल्डेसहाइममध्ये 1529 मध्ये बांधलेलं 'क्नोखनहाउअर आम्टसहाउस' आहे. 1945 मध्ये ते जळालं आणि 1980 च्या दशकात पुन्हा उभारलं गेलं. 'आम्ट' म्हणजे आज सरकारी कचेरी, पण त्या बोलीत कारागिरांचा संघ. म्हणजे हे खाटकांच्या संघाचं घर. दक्षिणेत हाच माणूस 'मेत्सगर' झाला असता.

'क्योनिग' (राजा) किंवा 'बिशोफ' (बिशप) अशा आडनावांवरून राजवंश काढू नका. ती टोपणनावं, घराच्या पाटीवरची चिन्हं किंवा नाटकातल्या भूमिकांवरून पडलेली असतात. 'फॉन' असलं म्हणजे सरदार घराणं असंही नाही, वायव्येला तो नुसता 'अमुक गावचा' या अर्थी येतो. आडनावाच्या नावाने विकली जाणारी कुलचिन्हं घेऊ नका. कुलचिन्ह एका विशिष्ट घराण्याचं असतं, ते आडनाव लावणाऱ्या सगळ्यांचं नसतं.

किती लोक हे आडनाव लावतात

2005 च्या जोडण्यांचा आकडा घ्या आणि त्याला साधारण अडीच ते तीनने गुणा, कारण एका जोडणीमागे एक घर असतं. 40 जोडण्या म्हणजे शंभर ते एकशेवीस माणसं. हा अंदाजच आहे, नेमका आकडा म्हणून लिहू नका. प्रत्येक स्पेलिंगची मोजणी वेगळी ठेवा आणि बेरीज शेवटी करा, नाहीतर दुर्मीळपणा स्पेलिंगचा की नावाचा हे कळत नाही. अमेरिकेतल्या संख्येसाठी 2010 च्या जनगणनेची आडनाव यादी आहे, पण तीत किमान 100 वेळा आलेलीच नावं घेतली आहेत. यादीत नसणं म्हणजे तिथे कोणीच नाही असं नव्हे. तिथे म्युलरचा मिलर झालेला असतो, तेव्हा इंग्रजी रूपही शोधा. हा बदल बंदरावरच्या अधिकाऱ्याने केला, ही समजूत खोटी आहे. अधिकारी जहाजाच्या यादीवरून नावं ताडून पाहत, आणि स्पेलिंग बहुधा नंतर त्या लोकांनी स्वतःच बदललं. त्यामुळे जहाजाच्या यादीत जुनं जर्मन रूपच शोधा.