पूरग्रस्त घरांसाठी विद्यार्थी शिबिर कसे आखावे : खान्देशातील गावांपुरते मार्गदर्शन

तापी आणि गिरणा सोडल्या, तर खान्देशातील बहुतेक नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. अजिंठा-सातमाळ्याच्या किंवा सातपुड्याच्या डोंगरात रात्री मुसळधार पाऊस झाला, की पहाटे पाणी गावात शिरते आणि बरेचदा दिवस मावळण्याच्या आत ओसरतेही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावला तितूर आणि डोंगरी या नद्यांच्या पुराने असेच झाले. त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ताही बंद पडला होता. असा पूर मागे घराघरांत गाळ ठेवतो आणि मातीच्या भिंतींचा पायथा भिजवून मऊ करतो. म्हणून मदतीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची कामे दोन आहेत आणि त्यांच्या वेळाही दोन आहेत. गाळ काढण्याचे काम लगेच करायचे असते, तर बांधकाम दिवाळीनंतर. ही दोन्ही कामे एकाच शिबिरात उरकण्याचा मोह आवरला, तर निम्म्या चुका टळतात.

पहिल्या शिबिरात फावड्याला हात लावण्यापूर्वी त्या घराचा पंचनामा झाला आहे का, हे विचारावे. झाला नसेल, तर तलाठी आणि ग्रामसेवक येईपर्यंत पडलेली भिंत, वाहून आलेले लाकूड आणि भिंतीवरची पाण्याची खूण यांपैकी काहीही हलवू नये. निदान चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ती कुटुंबाच्याच भ्रमणध्वनीवर ठेवावीत. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या आपत्ती-मदतीच्या केंद्रीय निकषांत पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १,२०,००० रुपये आहेत; अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. उत्साही मुलांनी धोकादायक दिसते म्हणून उरलेली भिंत पाडून ढिगारा उचलून टाकला आणि अधिकारी नंतर आले, तर नुकसान नेमके किती होते हे सांगायला पुरावाच उरत नाही.

गाळ ओला असतानाच काढावा. काळ्या मातीचा गाळ चार दिवस उन्हात तापला, की पहारीलाही दाद देत नाही. घमेल्यांची साखळी करावी, पाण्याचा फवारा मातीच्या भिंतीवर मारू नये आणि भिंतीच्या एकाच बाजूला गाळाचा ढीग ठेवू नये. आत जाण्याआधी वीज मुख्य कळीवरून बंद असल्याची खात्री करावी. गमबूट, हातमोजे आणि धनुर्वाताची लस यांबाबत सवलत देऊ नये, कारण काच, पत्रा, साप आणि विंचू हे सगळे गाळातच असतात. कापूस पिकवणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट असते, जी शहरी मुलांच्या लक्षात येत नाही : फवारणीच्या औषधांच्या बाटल्या. त्या फुटलेल्या किंवा बिनझाकणाच्या सापडल्या, तर विद्यार्थ्यांनी स्वतः न हाताळता घरमालकाला दाखवाव्यात आणि कुठल्याही परिस्थितीत नाल्यात धुऊ नयेत. पिण्याच्या विहिरीत दर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम या प्रमाणात चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर टाकतात. मात्र पुराचे गढूळ पाणी शिरलेल्या विहिरीचा आधी उपसा व्हायला हवा आणि पावडर टाकल्यावर तासाभराने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणारी चाचणी, घ्यायला हवी. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे, विद्यार्थ्यांनी त्याच्या हाताखाली राहावे.

धाब्याच्या घराबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लाकडी सर म्हणजे तुळया, त्यावर आडवी लाकडे, त्यावर पळाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडे आणि वर मातीचा थर, असे हे छत उन्हाळ्यात घर थंड ठेवते, परंतु भिजल्यावर त्याचे वजन फार वाढते. खालून भिंतीचा पायथा मऊ झालेला आणि वरून ओझे वाढलेले, अशा अवस्थेत घर दोन-तीन दिवस उभे राहून मग अचानक बसते. म्हणून प्रथम गावातील जाणत्या मिस्त्रीकडून भिंतींना ओळंबा लावून पाहावा. भिंतीला पोट आले असेल किंवा कोपऱ्यात उभी भेग पडली असेल, तर सरांखाली टेकू दिल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये. धाब्यावरची माती उतरवून ओझे कमी करायचे असेल, तर तेही मिस्त्री आणि त्याच्या माणसांनीच करावे. विद्यार्थ्याला धाब्यावर चढू देणारा कार्यक्रम अधिकारी, म्हणजे शिबिर चालवणारा प्राध्यापक, धाडसी नव्हे, बेजबाबदार म्हणावा लागेल.

दुसरे शिबिर दिवाळीनंतर का, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे तोवर भिंती आणि जमीन वाळते. दुसरे कारण खास आपल्याकडचे आहे : त्या दिवसांत कापूस वेचणी ऐन भरात असते, मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी पूरग्रस्त कुटुंबाला त्यांची मजुरी परवडत नाही. विद्यार्थ्यांच्या श्रमांना खरी किंमत येते ती तेव्हा. मात्र त्यांनी बिगाऱ्याचे काम करावे, गवंड्याचे नाही. गवंडी गावातलाच असावा आणि त्याला चालू दराने मजुरी द्यावी; निधी गोळा करताना सर्वांत मोठी रक्कम त्यासाठीच राखून ठेवावी.

राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते आणि सात दिवसांत घर उभे राहत नाही, हे सर्वांना आधीच सांगावे. पन्नास विद्यार्थी असतील, तर दहा-दहांचे गट करून मोजकी घरे घ्यावीत आणि प्रत्येक घराचा एकच टप्पा पूर्ण करावा. घरांची निवड ग्रामसभेसमोर व्हावी. एकटी विधवा, वृद्ध जोडपे, अपंग व्यक्ती असलेले कुटुंब यांना प्राधान्य द्यावे. जलसंपदा विभागाने निळी पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येते ती नकाशावरची हद्द, आखलेली असेल, तर ती तपासल्याशिवाय पाया खणू नये, कारण तिच्या आत, नदीच्या बाजूला, बांधकामाला मनाई असते आणि तिथे केलेली मेहनत पुढच्या पुरात जाईल ती वेगळीच.

पाया हा या भागातील कळीचा प्रश्न आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ बसवलेली भिंत दरवर्षी थोडी थोडी तडकत जाते. म्हणून काळा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणावे. जोते दगडाचे आणि सिमेंटमध्ये बांधलेले असावे व त्याची उंची पुराच्या खुणेवरून ठरवावी. खूण फार वर असेल, तर निदान जोत्यावरचे पहिले दोन-तीन फूट दगडाचे किंवा पक्क्या विटांचे करावेत आणि मातीकाम त्याच्या वर सुरू करावे. पक्क्या विटा भिजवून वापराव्यात, एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच भिंत चढवू नये आणि किमान सात दिवस पाणी मारावे. शिबिर संपल्यावर हे पाणी कोण मारणार, हे कुटुंबाशी बोलून ठरवूनच निघावे.

कच्च्या विटांसाठी पांढरी माती घ्यावी, नुसती काळी घेऊ नये. बाटलीत एक तृतीयांश माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवून ठेवली, की तळाला वाळू आणि सर्वांत वर चिकणमाती बसते. चिकणमातीचा थर पावहिश्शाच्या आसपास असला, तर ती माती चालते. तिच्यात गव्हाचा भुसा घालून गारा तुडवावा, काही दिवस मुरू द्यावा आणि मगच विटा पाडाव्यात. त्या वाळायला दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणजे या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटा बहुधा दुसऱ्याच गटाच्या हातून भिंतीत बसतील. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याचा आग्रह कोणी धरला, तर नम्रपणे नकार द्यावा. ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. शेणमातीचे सारवणच तिला मानवते, आणि ते घरातील बायाबापड्यांकडून शिकावे, त्यांना शिकवू नये.

भाषेची तयारीही करावी. गिरणाकाठी अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली आणि सातपुड्याच्या पाड्यांवर भिली किंवा पावरी बोलणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक गटात असावा. आबा, नाना, मावशी म्हणून संवाद सुरू झाला, तर भिंतीबद्दलची खरी माहिती मिळते. शिधा आपला न्यावा. गाव वरण-बट्टीचा आग्रह करणारच, तो शेवटच्या दिवशी एकदा स्वीकारावा, रोज नाही.

निघताना उधार घेतलेली अवजारे मोजून परत द्यावीत, सिमेंट-लोखंडाचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि प्रत्येक घराचा पुढचा टप्पा, त्याला लागणारे साहित्य व मिस्त्रीचे नाव लिहिलेला कागद कुटुंबाकडे तसेच महाविद्यालयाच्या नस्तीत ठेवावा. जून-जुलैत पहिला मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन विद्यार्थ्यांनी गावात जाऊन जोत्याभोवतीचे पाणी घरापासून दूर वाहते आहे का ते पाहावे. साचत असेल, तर चर खणणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.