कान वाजतायत? पंखा लावून झोपा

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ तासभर उभं राहिलं की रात्री कानात शिट्टी वाजायला लागते. ती बहुधा एक-दोन दिवसांत विरते. तोवर हेडफोनला सुट्टी. जुना कर्णनाद (कानात सतत वाजणारी अशी शिट्टी) मात्र शांत खोलीतच जास्त छळतो, म्हणून झोपताना पंखा किंवा पावसाचा हलका आवाज सुरू ठेवा, शिट्टीपेक्षा किंचित कमीच. कानात काडी, हेअरपिन अजिबात नको, मळ आणखी आत जातो. कोमट तेलही नको (आजी रागावली तरी!). आवाज एकाच कानात येत असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू कमी आलं तर त्याच दिवशी जा. आणि पुढच्या मिरवणुकीला इअरप्लग खिशात असू द्या.