किरणोत्सर्गाच्या दीर्घकालीन नोंदी : या चुका टाळा

रावेरकडच्या एका केळीबागायतदाराचा मुलगा आमच्याकडे पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रकल्पासाठी दिलेला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण, तो सुट्टीत घरी घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "सर, आमच्या खताच्या खोलीत किरणोत्सर्ग आहे." त्या खोलीत म्युरेट ऑफ पोटॅश या पोटॅशियमच्या खताची पोती रचलेली होती. त्याचे मोजमाप मुळीच चुकले नव्हते. निसर्गातील पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी भाग असतोच आणि त्यामुळे दर ग्रॅम पोटॅशियममागे सुमारे ३१ बेकरेल, म्हणजे सेकंदाला ३१ विघटने होतात. त्या हिशेबाने ५० किलोच्या एका पोत्यात जवळजवळ आठ लाख बेकरेल भरतात. हे पोते केळीला खत म्हणूनच उपयोगी आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु आकडा कशातून आला हे न पाहताच घाबरण्याची मुलाने केलेली चूक चेर्नोबिल आणि फुकुशिमा इथल्या अणुभट्टी-अपघातांचे आकडे वाचणारेही वरचेवर करतात, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

गायगर काउंटर कण मोजतो, कण कोणत्या मूलद्रव्यातून आला हे तो सांगत नाही. अपघातग्रस्त भागात वर्षानुवर्षे नोंदी ठेवायच्या असतील, तर निदान काही ठिकाणी तरी गॅमा किरणांची ऊर्जा वेगवेगळी ओळखणारे उपकरण हवे. अणुभट्टीतून येणाऱ्या सीझियम-१३७ ची खूण ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला दिसते, पोटॅशियम-४० ची १४६०ला. या दोन खुणा वेगळ्या करता आल्या की पोटॅशचे पोते आणि अणुभट्टीतून आलेली धूळ यांत गोंधळ होत नाही. अणुभट्टीतूनच येणारे स्ट्रॉन्शियम-९० मात्र याही उपकरणाच्या हाती लागत नाही, कारण त्यातून प्रामुख्याने बीटा कण बाहेर पडतात. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत नेऊन रासायनिक रीतीने स्ट्रॉन्शियम वेगळे करावे लागते. ज्या तक्त्यात स्ट्रॉन्शियमचा रकाना नाही, तिथे स्ट्रॉन्शियम नाही असा अर्थ काढू नये. ते मोजलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अर्धायुष्याची सरळ रेघ

सर्वांत जास्त विद्यार्थी इथे फसतात. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षे असल्याचे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते, त्यामुळे ३० वर्षांत सगळे मोजमाप निम्मे होणार असे गृहीत धरून आलेख काढला जातो. फुकुशिमाचे २०११ ते २०१४ पर्यंतचे आकडे त्यापेक्षा कितीतरी वेगाने घसरलेले दिसले की मग उलट टोक गाठले जाते आणि तीच उतरती रेघ पुढे ओढून काही वर्षांत सारे शून्य होणार असे लिहिले जाते.

दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, कारण फुकुशिमातून सीझियम-१३४ आणि सीझियम-१३७ जवळजवळ सारख्या प्रमाणात बाहेर पडले होते. सीझियम-१३४ चे अर्धायुष्य दोन वर्षांहून किंचितच जास्त असले, तरी तेवढ्याच बेकरेलमागे त्याचा मारा, म्हणजे शरीरावर पडणारी किरणोत्सर्गाची मात्रा, सीझियम-१३७ च्या अडीचपटीहून अधिक असतो. सुरुवातीच्या मापातील मोठा वाटा त्याचा होता आणि तो लवकर सरला. १५ वर्षांनंतर त्यातला शंभरातला एक भागही उरत नाही, तर सीझियम-१३७ चे ७० टक्क्यांहून अधिक शिल्लक असते. म्हणून आरंभी आलेख झपाट्याने उतरतो आणि पुढे सपाट होत जातो. ते सपाट होणे म्हणजे नव्याने गळती झाल्याची खूण नव्हे.

याशिवाय पावसाने रस्ते आणि छपरे धुतली जातात, माती काढून टाकली जाते आणि सीझियम हळूहळू खाली मुरते. जंगलात मात्र ते पालापाचोळ्यात आणि बुरशीत फिरत राहते. जर्मनीतील बव्हेरियाच्या रानडुकरांच्या मांसातील सीझियम अपेक्षेप्रमाणे कमी होत नव्हते. ही डुकरे जमिनीखाली वाढणारी एक बुरशी उकरून खातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले की त्यातील बराचसा भाग चेर्नोबिलचा नसून पूर्वीच्या अण्वस्त्रचाचण्यांचा होता. अपघातापूर्वी काय होते हे माहीत नसले, की सारा दोष अपघाताच्या माथी जातो. चेर्नोबिलच्या परिसरात तर एक घटक वाढतोही आहे. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य सुमारे १४ वर्षे असते आणि त्याच्या विघटनातून अमेरिसियम-२४१ तयार होते, ज्याचे अर्धायुष्य ४०० वर्षांहून जास्त आहे.

जागा, उंची आणि माती

पर्जन्यमापक तहसील कचेरीच्या मोकळ्या आवारातून उचलून कडुनिंबाखाली ठेवला, तर पुढच्या वर्षी तालुक्यात पाऊस कमी झाला असे कोणी शहाणा म्हणणार नाही. किरणोत्सर्गाच्या नोंदींत नेमके हेच घडते आणि ते लक्षातही येत नाही. मोजमाप साधारणपणे जमिनीपासून एक मीटर उंचीवर घेतात. जपानमध्ये लहान मुलांच्या शाळांत ते ५० सेंटीमीटरवर घेतले गेले. हे दोन आकडे एकाच रकान्यात भरले की आलेख उगाचच उड्या मारू लागतो. पागोळीचे पाणी जिथे मुरते त्या चार हातांच्या जागेत माप आजूबाजूपेक्षा कितीतरी जास्त येऊ शकते, आणि माती खरवडून नवी खडी टाकलेल्या आवारात ते कमी येते. मोजमापाचे उपकरण बसवलेल्या खांबाभोवतीची जमीन साफ केली असेल, तर त्या खांबावरचा आकडा शेजारच्या डोंगरउताराबद्दल काहीच सांगत नाही.

मातीचे नमुने घेतानाही एक सवय डोळे मिटून उचलली जाते. फुकुशिमातील अनुभवावरून वरच्या पाच सेंटीमीटरचा थर घेतला की पुरे, असे मानले जाते. तिथे ते बऱ्याच अंशी ठीक आहे, कारण इलाइटसारखी चिकणखनिजे सीझियमला घट्ट धरून ठेवतात आणि न नांगरलेल्या जमिनीत ते वरच राहते. आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत मात्र स्मेक्टाइट जातीची खनिजे जास्त असतात. ती सीझियमला इलाइटइतके घट्ट धरत नाहीत, शिवाय उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून वरची माती आत कोसळते. अशा जमिनीत थराथराने, निदान ३० सेंटीमीटरपर्यंत नमुने घ्यावे लागतील. नमुना ओला तोलला की वाळवून, हेही लिहावे. अळंबीच्या बाबतीत एवढ्या एका कारणाने आकडा दहापट बदलू शकतो.

आकडा अचानक चढला तर

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की आमचा काउंटरही चढतो. हवेतील रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून तयार झालेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर जमिनीवर उतरतात. त्यांची अर्धायुष्ये अर्ध्या तासाच्या आतली असल्याने दोन-तीन तासांत आकडा पूर्ववत होतो. याच्या उलट, जमीन भिजलेली असली किंवा बर्फाने झाकली गेली की खालून येणारा मारा कमी भासतो. म्हणून मापाशेजारी पावसाची नोंद नसेल, तर चढ-उताराचे कारण शोधता येत नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी चेर्नोबिलचा ताबा रशियन सैन्याने घेतल्यावर तिथल्या स्वयंचलित केंद्रांवर आकडे एकाएकी वाढले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ताशी ९.४६ मायक्रोसिव्हर्टपर्यंतच्या (सिव्हर्ट हे माऱ्याचे एकक) नोंदींचा उल्लेख करून त्या धोकादायक नसल्याचे म्हटले. रणगाड्यांनी उडवलेली धूळ हे कारण लगेच सांगितले गेले आणि जगभर छापून आले. पुढील अभ्यासात मात्र एवढी वाढ धुळीने होऊ शकत नाही असे दाखवण्यात आले. माझ्या मते अशा वेळी पहिला प्रश्न धुळीचा नसून संदेशवहनाचा असावा : आकडा उपकरणाने मोजला, की वाटेत बिघडला?

आकडा वर जाऊन तिथेच थांबला, तर उपकरणाची कमाल मर्यादा तपासावी. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर सुरुवातीच्या तासांत ताशी ३.६ रोंटजेन ही नोंद वर कळवली गेली, कारण हाताशी असलेली उपकरणे त्यापुढे दाखवूच शकत नव्हती. त्या काळच्या सोव्हिएत नोंदी क्युरी (बेकरेलच्या जागी) आणि रोंटजेन (सिव्हर्टच्या जागी) या जुन्या एककांत आहेत. ढोबळमानाने १०० मायक्रोरोंटजेन म्हणजे १ मायक्रोसिव्हर्ट, आणि चौरस किलोमीटरला १ क्युरी म्हणजे चौरस मीटरला ३७ हजार बेकरेल, हे लक्षात ठेवले की हजारपटीच्या चुका टळतात.

०.२३ चा गैरसमज

जपानच्या तक्त्यांत ताशी ०.२३ मायक्रोसिव्हर्ट हा आकडा वारंवार येतो आणि तो धोक्याची सीमारेषा समजला जातो. प्रत्यक्षात तो एक हिशेब आहे : माणूस दिवसाचे ८ तास बाहेर आणि १६ तास लाकडी घरात राहतो, घरात मारा ०.४ पट होतो, आणि वर्षाला जादा १ मिलिसिव्हर्ट एवढेच धोरण आहे. यातून ०.१९ येतात आणि त्यात नैसर्गिक ०.०४ मिळवले जातात. शेतात दिवसभर राबणाऱ्याचा हिशेब वेगळा होईल आणि ग्रॅनाइटच्या प्रदेशात नैसर्गिक भागही वेगळा असेल.

आपल्याकडची अडचण

खानदेशाखालचा बेसाल्ट किरणोत्साराच्या बाबतीत गरीब आहे, त्यामुळे आमच्या काउंटरवर मिनिटाला २०च्या आसपासच ठोके पडतात. एका मिनिटात २० ठोके पडले तर साडेचारचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. दहा मिनिटांत २०० पडले तर तो सात टक्क्यांवर येतो. काल १७ आणि आज २३ आले म्हणून किरणोत्सर्ग वाढला असे म्हणणाऱ्याला आम्ही आधी तासभर बसवून मोजायला लावतो.

भुसावळचा मे महिना हीदेखील एक अडचण आहे. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर चालणारे उपकरण पत्र्याच्या खोलीत ठेवले की दुपारी ऊर्जेच्या खुणा सरकतात आणि ६६२ची खूण भलत्याच ठिकाणी दिसते. पोटॅशियम-४० ची खूण कुठे आहे हे रोज पाहून पट्टी जुळवून घ्यावी. त्यासाठी पोटॅशची लहान पिशवी पुरते.

तापी आपल्याकडून उकाईमार्गे काकरापारच्या अणुवीज केंद्राकडे जाते, म्हणजे पाणी इकडून तिकडे वाहते. पावसाळी वारे मात्र तिकडून इकडे येतात. देशातील अणुवीज केंद्रांच्या जागी केंद्र सुरू होण्याआधीपासूनच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळा परिसराची मापे घेऊ लागतात, ते याचसाठी की पुढे तुलना करायला आधीचा आकडा हाती असावा. आमच्या वहीतही म्हणून आकड्याआधी तारीख, वेळ, उंची, उपकरणाचा क्रमांक, मोजण्याचा अवधी आणि पाऊस हे रकाने भरावे लागतात. काउंटरची जुनी नळी निकामी होण्याची वाट न पाहता नवी आणून एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही एकाच खांबावर शेजारीशेजारी चालवतो, आणि दोन्हींतील फरक वहीत नोंदवल्याशिवाय जुनी काढत नाही.