कोळंबीच्या तळ्यातील विरघळलेला ऑक्सिजन कसा मोजावा

खाजणातील तळ्याचा ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी मोजावा, कारण रात्रभर शेवाळासकट सारेच जीव तो वापरत असतात. भर दुपारचा आकडा तळ्याच्या मालकाला खूश करण्यापुरताच असतो.

विंकलर पद्धतीत, म्हणजे बाटलीतल्या नमुन्यात रसायने घालून ऑक्सिजन मोजण्याच्या पद्धतीत, खरी कसोटी बाटली भरण्याची आहे. बादलीतले पाणी बाटलीत ओतावे, असे सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नये. ओतताना मिसळलेली हवाच पुढे मोजली जाते. नमुनापात्राच्या तोटीला रबरी नळी लावून तिच्यातील बुडबुडे आधी काढून टाकावेत आणि नळीचे टोक ३०० मिलीच्या बाटलीच्या तळाशी टेकवावे. बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून गेल्यावर धार चालू असतानाच नळी सावकाश बाहेर काढावी, गळ्याशी टिचकी मारावी आणि काचेचे बूच तिरके धरून बसवावे. बाटली उलटी करून पाहताना मुगाएवढा बुडबुडा दिसला, तरी नमुना फेकून द्यावा. वरून पाणी घालून तो दुरुस्त होत नाही. एक मिली हवेत पाव मिलिग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन असतो आणि तो बाटलीत उतरला, तर आकडा लिटरमागे जवळजवळ ०.९ मिलिग्रॅमने फुगतो.

लगेच मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिली, पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून सोडावे. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर पुढे जावे. पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळपास संपला आहे, तेव्हा ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रावण सोडणारी मोजनळी) राहू द्यावे आणि आधी एरेटर (तळ्यात हवा मिसळणारे यंत्र) सुरू करावा. खाऱ्या पाण्यात साका सावकाश बसतो, तिथे घाई करू नये. मग २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालावे. २०० मिली द्रावणाचे ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन करावे, म्हणजे ते ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडत किती लागते ते मोजावे, आणि रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घालावा. निळा रंग जाईपर्यंत लागलेले मिली म्हणजे जवळजवळ तितकेच मिलिग्रॅम प्रतिलिटर.

आकड्याचा अर्थ तापमान आणि क्षारता (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) नोंदल्याशिवाय लागत नाही. समुद्रसपाटीला गोडे पाणी २० अंशांवर लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, ३० अंशांवर ७.६, तर ३५ क्षारतेचे समुद्राचे पाणी ३० अंशांवर जेमतेम ६.२. हवेचा दाब कमी झाला की विद्राव्यताही घटते. आंबोलीच्या उंचीवर ती सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरते, किनाऱ्यावर मात्र याची चिंता नको. मीटर वापरणाऱ्यांनी त्यात क्षारता भरावीच. ती शून्य ठेवली, तर समुद्राच्या पाण्यात मीटर सुमारे २० टक्के जास्त ऑक्सिजन दाखवतो.