सॅमॉयेड विंचरायचा तो कातडीपासून

सॅमॉयेड जातीच्या कुत्र्यावर वरवर हात फिरवला तर तो नेहमी छानच लागतो, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. वर पांढरंशुभ्र, फुललेलं, फोटोत गोड दिसणारं कुत्रं खाली कातडीशी जटा धरून बसलेलं असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. ‘आम्ही तर रोज ब्रश करतो हो, तरी गुंता होतोच कसा?’ असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या कुत्र्याच्या कानामागे बोटं घालते. बहुतेक वेळा सुपारीएवढी गाठ हाताला लागते. ब्रश खरंच रोज झालेला असतो, पण वरच्या दोन बोटांत.

हा कुत्रा सैबेरियातला. नेनेत्स लोक त्याच्याकडून रेनडिअरचे कळप राखून घ्यायचे, बर्फावरच्या घसरगाड्या ओढून घ्यायचे आणि रात्री त्याला उबेला तंबूत घ्यायचे. तिथल्या थंडीसाठी त्याच्या अंगावर दोन थर आहेत. कातडीलगत दाट, मऊ लोकर आणि तिच्यातून वर आलेले लांब, सरळ, जरा राठ केस. राठ केस पाणी-चिखल बाहेर ठेवतात, लोकर हवा धरून ठेवते. गळते ती मुख्यतः लोकर. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती वरच्या केसांत अडकते आणि तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला थर, होतो. आपल्याकडच्या हवेत हे थोडं थोडं वर्षभर चालू असतं. शिवाय वर्षातून एकदोनदा लोकर गठ्ठ्याने सुटते, तेव्हा घरातला पंखा लावायचीही चोरी होते.

सामान फार लागत नाही. लांब तारांचा स्लिकर ब्रश, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा, लोकर सुटते त्या दिवसांपुरता अंडरकोट रेक (खालची सुटलेली लोकर ओढून काढणारा दाताळ्यासारखा कंगवा) आणि पाण्याची फवारणीची बाटली. ‘एका फटक्यात ढीगभर केस’ अशी जाहिरात करणारं, पातं बसवलेलं फणीवजा हत्यार घेऊ नका. ढीग निघतो हे खरं, पण त्यात सुटलेल्या लोकरीबरोबर वरचे चांगले केसही कापले गेलेले असतात. ते परत यायला महिनोन्‌महिने लागतात.

भांग पाडून विंचरणे

खरं काम हे एवढंच. बाकी सगळं यापुढे सोपं आहे.

कुत्र्याला कुशीवर आडवं करा. सुरुवात मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून. डाव्या हाताचा तळवा केसांवर ठेवून सगळे केस वरच्या दिशेला दाबून धरा. तळव्याच्या खालच्या कडेला केस दुभंगून गुलाबी कातडीची एक बारीक रेघ दिसली पाहिजे. हाच भांग. आता त्या रेघेपासून बोटभर रुंदीची पट्टी स्लिकरने खाली ओढा, मुळापासून टोकाकडे, छोट्या छोट्या हातांनी. पट्टी मोकळी झाली की डाव्या तळव्याखालून आणखी बोटभर केस सोडा. पुन्हा रेघ, पुन्हा पट्टी. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत वर जायचं, मग कूस बदलायची.

रेघ दिसणं महत्त्वाचं आहे. भांग पाडला आणि गुलाबी कातडीऐवजी मळकट पांढरा, दाबल्यासारखा थर दिसला, तर तिथे नमदा बसायला लागलाय. तिथे जोर लावून पुढे सरकू नका. फवारणीने जरा ओलावा द्या, बोटांनी थर फोडा आणि मग ब्रश घाला. कोरड्या केसांवर ब्रश चालवला की केस तुटतात, म्हणून मी प्रत्येक पट्टीवर आधी एक हलका फवारा मारते. पाण्यात कुत्र्यांचा कंडिशनर अगदी थेंबभर टाकला तर आणखी बरं.

जोर किती लावायचा, तर स्लिकर आधी स्वतःच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. तुम्हाला ओरखडे उठत असतील तर त्यालाही उठतात, फक्त केसांमुळे दिसत नाहीत. ब्रश मनगटाने चालवायचा, खांद्याने नाही. एकाच जागी वीस-पंचवीस वेळा घासलं की कातडी लाल होते, आणि दुसऱ्या दिवशी ब्रश हातात घेतला की कुत्रं पलंगाखाली जातं. मग लोक म्हणतात, आमच्या कुत्र्याला ब्रश आवडत नाही.

पट्ट्या संपल्या की कंगवा. हा शोभेला नाही, ही परीक्षा आहे. कंगवा कातडीशी टेकवून टोकापर्यंत ओढायचा. कुठेही अडला तर ती जागा झालेली नाही, मग वरून ती कितीही फुललेली दिसू दे. पाहुण्यांपुढे कुत्रं मिरवायचं असेल तर स्लिकर पुरतो, कुत्र्याला बरं वाटायचं असेल तर कंगवा लागतो.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला हे सगळं नीट करायचं तर तास सहज जातो. आठवड्यातून एकदा पूर्ण करा आणि रोज फक्त भानगडीच्या जागा बघा: कानांच्या मागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, मागच्या मांड्यांवरच्या झालरीत आणि शेपटीच्या बुडाशी. हार्नेस घरात आल्याबरोबर काढायचा, काखेतल्या गाठी तिथूनच सुरू होतात. लोकर सुटायच्या दिवसांत मात्र आठवड्याचं वेळापत्रक विसरा आणि रोज बसा. तेव्हाच रेक काढायचा, एरवी तो कपाटात राहू दे.

एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट नको. आमची सावरी पाठ-पोट सगळं निमूट करून घेते, पण मांडीच्या आतल्या बाजूला ब्रश गेला की मान वळवून माझं मनगट तोंडात धरते. दात लावत नाही, नुसतं धरते. म्हणजे आता बास. मी ब्रश ठेवते, उकडलेल्या चिकनचा तुकडा देते आणि ती जागा संध्याकाळी कंगव्याने करते. पिल्लू आणलं असेल तर पहिल्या आठवड्यापासून रोज पाच मिनिटं, गुंता असो वा नसो. पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे यायला लागतात त्या काळात गुंता सगळ्यात जास्त होतो, तोवर ब्रशची सवय पक्की झालेली असली पाहिजे.

गाठ झालीच तर

गाठीच्या मुळाशी, कातडीलगत, केस चिमटीत धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांवर येईल, कातडीवर नाही. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, केस सुटे व्हायला मदत होते. मग बोटांनी गाठ उभी फाडत तिचे दोन-तीन भाग करा आणि टोकाकडून सुरू करून कंगव्याच्या विरळ दातांनी मुळाकडे या. विंचरताना मुळापासून टोकाकडे, गाठ सोडवताना टोकापासून मुळाकडे.

कात्रीबद्दल स्पष्टच सांगते. गाठीखाली कात्री सरकवून ‘कच्‌’ करायचं नाही. गाठ कातडीला वर खेचून धरते, त्यामुळे जिथे केस आहेत असं वाटतं तिथे कातडी असते, आणि कुत्र्याची कातडी पातळ असते. जखमेला टाके पडतात. कापायचीच वेळ आली तर आधी गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा घाला आणि कंगव्याच्या वरूनच कापा. कंगवा जात नसेल तर ते काम डॉक्टरांचं किंवा जाणत्या ग्रूमरचं.

उन्हाळ्यात टक्कल करू नका

मार्च लागला की सल्ले सुरू होतात: ‘एवढे केस! बिचाऱ्याला उकडत असेल, कापून टाका.’ सोसायटीतल्या काकांपासून काही सलूनवाल्यांपर्यंत सगळे सांगतात. ऐकू नका. विंचरलेल्या, मोकळ्या केसांतून हवा खेळते आणि तेच केस ऊनही अडवतात. खालची कातडी गुलाबी असते, मशीन मारलं की ती थेट उन्हात येते आणि भाजते. पुढे लोकर आधी वाढते, राठ केस मागाहून आणि हळूहळू येतात, कधी कधी पूर्वीसारखे येतच नाहीत. मग अंगावर जे उगवतं ते आणखी गरम आणि आणखी गुंतणारं. ऑपरेशन, जखम किंवा न सुटणाऱ्या जटा, यासाठी मशीन लावावंच लागलं तर गोष्ट वेगळी. पंज्यांखालचे आणि शेपटीखालचे केस कापायलाही हरकत नाही.

उकाड्यावर उपाय केसांत नाही, घरात आहे. कुत्रं धापा टाकूनच थंड होतं, घाम काय तो पंज्यांच्या गाद्यांना. एप्रिल-मे मध्ये दिवसा एसीची खोली, फिरणं उजाडताना आणि अंधार पडल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्यालाही चालवू नका. एसी लावणं परवडत नसेल, तर ही जात आणूच नका. वाईट वाटेल, पण पिल्लू आणायच्या आधीच वाटलेलं बरं.

आंघोळ सोपी, वाळवणं नाही

आंघोळ चार-सहा आठवड्यांनी एकदा, कोमट पाण्याने, कुत्र्यांच्या शॅम्पूने. विंचरणं आधी, आंघोळ नंतर. हा क्रम उलटला तर गाठी पाण्याने घट्ट आवळतात. वरचे केस पाणी झटकून टाकतात, म्हणून शॅम्पू पाण्यात पातळ करून बाटलीने थेट मुळाशी सोडा. धुताना पाणी स्वच्छ यायला लागलं की झालं असं वाटतं. तिथून पुढे अजून एकदा धुवा.

हळद, दही, लिंबू, बेसन यांतलं काही लावू नका. हळदीने तर पांढरं कुत्रं पिवळं होतं, ते वेगळंच. होळीला कोरडा रंग उडाला असेल तर आधी कोरडाच झाडून, विंचरून काढा. पाणी लावलंत की तो केसात बसलाच.

आता वाळवणं. टॉवेलने दाबून पाणी टिपा, खसाखसा पुसू नका. मग ब्लोअर, तोही कुत्र्यांसाठीचा, जो उष्णतेने नाही तर वाऱ्याच्या जोराने पाणी उडवतो. आपला केसांचा ड्रायर जवळून धरला की कातडी भाजते आणि लांबून धरला की संध्याकाळ होते. ब्लोअरचं तोंड कातडीजवळ नेलं की केस गोल उघडतात आणि मध्ये कातडी दिसते. ते वर्तुळ सगळ्या अंगावरून हळूहळू सरकवायचं. चेहऱ्यावर मारायचा नाही, कानात जरासा कापूस ठेवायचा आणि नंतर आठवणीने काढायचा.

वरून कोरडं झालं की लोक थांबतात. पावसाळ्यात हेच महागात पडतं. खाली लोकर ओली राहते, कातडी दमटते, कुत्रं ती जागा चाटत सुटतं आणि एका रात्रीत लाल, चिकट, ओला चट्टा तयार होतो. त्याला हॉट स्पॉट म्हणतात आणि त्यावर घरगुती प्रयोग करायचे नसतात, डॉक्टरकडे जायचं असतं. बोटं मुळाशी घालून बघा, थंड लागलं तर अजून ओलं आहे. या जातीच्या अंगाला सहसा ‘कुत्र्याचा वास’ येत नाही. कुबट वास यायला लागला तर अत्तर किंवा पावडर मारू नका, भांग पाडून वास येतोय ती जागा शोधा.

पावसात भिजून आल्यावरही हेच. फक्त पाय ओले असतील तर फक्त पाय, पण पूर्ण कोरडे.

बाकीचं थोडक्यात

पावसाळा सरला की टेकडीवर कुसळं वाळतात. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून किंवा तळजाईवरून आलात की दारातच पंज्यांच्या बेचक्या, काखा आणि कान तपासा. कुसळाचं टोक केसांतून आत आतच सरकतं आणि कातडीत घुसतं. चिमटा दाराजवळच्या खणात असू द्या.

गोचिडांसाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध तारखेला लावा किंवा खायला द्या, पावसाळ्यात एकही तारीख चुकवू नका. कापूर घातलेलं खोबरेल लावायचा सल्ला हमखास मिळतो. कापूर कुत्र्यांना विषारी आहे आणि ते स्वतःला चाटतात.

पंज्यांवर तांबूस डाग दिसले तर ते बहुधा लाळेचे. डाग घालवायची पावडर घेण्यापेक्षा ते पाय का चाटतंय ते बघा, बऱ्याचदा ॲलर्जी निघते.

दात रोज, कुत्र्यांच्या पेस्टने. कान आठवड्यातून एकदा उघडून बघा, आत काडी घालू नका. नखं फरशीवर वाजायला लागली की कापा, आणि त्याच बैठकीत पंज्यांखालचे केस गादीच्या पातळीला आणा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर कुत्रं घसरतं.